ओल्या पावलांचा अर्थ

४ मार्च

पोचलो एकदाचा. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून सगळा प्रवास झोपेत काढला आणि उतरताना मलाच विचारलं, की झोप नीट झाली ना? पुष्कळ दिवसांनी मोठ्यानं हसलो.

घर वस्तीच्या टोकाला आहे. बैठं, स्वच्छ, पुढे लहानसा व्हरांडा. मधे बैठकीची खोली, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे सरांची अभ्यासिका. ती आता काम संपेपर्यंत माझी. सर म्हणजे या घराचे मालक. जन्मभर कॉलेजात जुनं काव्य शिकवलं, मागच्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी एकट्याच राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचं ठरलं. उंच, ताठ बांधा, बोलणं मोजकं. पण आल्या आल्या त्यांनी चहात साखर किती विचारलं आणि मी दोन चमचे म्हटल्यावर म्हणाल्या, की चला, या घरात साखर खाणारं माणूस आलं, सरांनी तर चहाचंसुद्धा औषध करून टाकलं होतं.

काम माझ्या आवडीचं आहे. सरांनी एका जुन्या आख्यानकाव्यावर टीका लिहिली होती. आधी मूळ ओवी, मग शब्दार्थ, मग गूढार्थ. शेवटचा सर्ग तेवढा राहिला. प्रकाशकांना पुस्तक काढायचं आहे. सरांचा मजकूर सोपा करायचा आणि उरलेल्या सर्गाचा अर्थ लिहायचा. प्रकाशक फोनवर हसत म्हणाले, की आधी एका प्राध्यापकांना विचारलं होतं, पण त्यांच्या अर्थाला अर्थ लावायला आणखी एक माणूस ठेवावा लागला असता. मग त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस, शिक्षण गावच्या शाळेतलं. पण आमच्या गावात कुणाकडे पोथी लागली, की अर्थ सांगायला मला बोलवतात. साधं सांगतो म्हणून.

सरांचं टेबल खिडकीकडे पाठ करून ठेवलेलं होतं. उजेड मागून येणार आणि आपलीच सावली कागदावर पडणार. बाईंना विचारून ते फिरवून घेतलं. आता समोर मागचं अंगण दिसतं, पुढे कमरेइतकी भिंत, तिला एक लहान फाटक, आणि फाटकापलीकडे कालवा. पाणी संथ आहे. देवाचं नाव घेऊन झोपतो. बरं वाटतंय.

५ मार्च

आज काव्य पहिल्यापासून वाचून काढलं. गोष्ट अगदी लहान आहे. एका होडीवाल्याची बायको मरते. तो रोज माणसांना नदीपार नेतो-आणतो, पण दुपारी, उतारू नसतात त्या वेळी, काठावर बसून तिला हाक मारतो. एके दिवशी पलीकडे कुणीतरी उठून उभं राहतं.

हाक घातली नामाविण । जळ ऐके कान देऊन ।
पैलतीरीं उठे कोण । मुख झांकोनी ॥

मग सर्गासर्गाला ती जवळ येते. आधी पैलतीर, मग ऐलतीर, मग अंगण, मग पायरी. शेवटच्या सर्गात तो दार उघडतो आणि तिच्या तोंडावरचा पदर बाजूला करतो.

पदर सारिला हातें । काय देखिलें तेथें तें ।
न सांगे कोणी कोणातें । आजवरी ॥

पैलतीरीं आतां दोन । उभीं वस्त्रें पांघरून ।
ऐलतीरीं होडी जाण । रिकामी डुले ॥

संपलं. मग सरांची वही उघडली.

सरांची टीका फार सुंदर आहे. होडी म्हणजे देह. पाणी म्हणजे विस्मरण. ओली पावलं म्हणजे स्मृती, कारण ती उन्हात वाळत नाहीत. झाकलेलं मुख म्हणजे अज्ञान. होडीवाला बायकोचं नाव घेत नाही, कारण जीवाला नाव नसतं. वाचताना मान डोलते. एकही जागा त्यांनी अशी सोडलेली नाही, जिथं माणूस खरंच कुणाची वाट बघतो आहे असं वाटावं.

८ मार्च

सकाळी काम, दुपारी जरा पडणं, मग पुन्हा काम. बाईंच्या हातचं जेवण साधं आणि वेळेवर. आज म्हणाल्या, की तुम्ही ताटातलं संपवता हे बरं, सर जेवताना पुस्तक वाचायचे आणि मीठ कमी आहे हे पान उलटल्यावर सांगायचे.

आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मला पोथी सांगायला शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. मूळ वाचलं, की त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय उठायचं नाही. शब्द नुसते सोडून दिले, तर ते ऐकणाऱ्याच्या मागे घरी जातात, असं ते म्हणायचे. तेव्हा गंमत वाटायची. पुढे कळलं, की अर्थ हा एक आधार असतो. वस्तू जरा लांब ठेवता येते. गेल्या वर्षी आमची ही गेली तेव्हा प्रत्येकानं मला एकेक अर्थ आणून दिला. सुटली म्हणाले. देवाला आवडली म्हणाले. तिचा वाटा संपला म्हणाले. मीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच सांगत आलो आहे, आणि त्यांना बरं वाटलेलं पाहिलं आहे. मला वाटलं नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. जावयाच्या नोकरीमुळे ती लांब असते. म्हणाली, की बाबा, तिथंही शेजारपाजारच्यांना गोळा करून पोथी सुरू केली असेल तुम्ही. मग आईवर बोलणं आलं. एकदा बाजाराच्या गर्दीत आमची चुकामूक झाली होती आणि मी मोठ्यानं "अगं!" म्हणून हाक मारली, तर निदान चार-पाच बायका गर्रकन वळल्या. त्यातली एक तर चिडून "काय हो?" असंही म्हणाली. हिनं ते जन्मभर पुरवून वापरलं. कुणी आलं-गेलं, की सांगायची, की यांना बायको हवी असली तर हे गावातल्या सगळ्याच बायकांना बोलावतात. लेक हसत हसत थांबली. मीही.

खरंच, मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. सगळा संसार "अगं" आणि "अहो"वर झाला. देवाचं नाव दिवसभर घेतो, तिचं कधी घेतलं नाही.

१२ मार्च

आज बाई चहा घेऊन आल्या त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, की एक विचारायचं आहे, रागावू नका. सरांचा गूढार्थ सोपा करण्यापेक्षा काढूनच टाकला तर? काव्यात जे लिहिलं आहे तेवढंच सांगायचं. बाई आली म्हणजे बाई आली.

मी म्हटलं, की प्रकाशक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, की प्रकाशकाला पानं भरल्याशी कारण. मग म्हणाल्या, की मी मुद्दामच पंडित नको म्हटलं होतं, मला साधं सांगणारा माणूस हवा होता.

मला पटलं. खरं तर माझ्या मनातलंच त्या बोलल्या. ज्यानं हे लिहिलं तो बिचारा एका विधुराची गोष्ट सांगतोय, आणि आपण त्याला सांगतोय, की तुझी बायको ही बायको नव्हेच.

पहिल्या सर्गाचा सरांचा अर्थ काट मारून काढला. खाली लिहिलं : पलीकडच्या काठावर एक स्त्री उठून उभी राहिली. तिनं तोंड झाकलेलं होतं.

वरचा मजकूर कापल्यावर हात हलका झाल्यासारखा वाटला. दुपारी कालव्याकडे बघत बसलो होतो. ऊन अगदी पांढरं. तोंडातून सहज निघून गेलं, अगं, ऐकलंस का. घरात निघायचं तसंच. ऐकायला कुणी नाही हे मागाहून आठवलं.

१३ मार्च

भर दुपारी कालव्याच्या पलीकडे एक बाई उभी होती. तोंडावरून पदर. ऊन फार आहे, कुणी असेल शेतावरची. बराच वेळ उभी होती. मी पाणी प्यायला उठलो आणि परत आलो तेव्हा नव्हती.

पलीकडे शेत नाही. आज सकाळी फिरायला गेलो होतो तेव्हा पाहिलं आहे. नुसता खडक आहे.

१६ मार्च

दुसऱ्या सर्गाचाही अर्थ तसाच साधा लिहिला. ती अलीकडच्या काठावर आली, एवढंच.

आज ती अलीकडे होती. फाटकापलीकडे, भिंतीला लागून. पूल पार खाली आहे, तिथून चालत आली असती तर दिसली असती. झाकलेलं तोंड घराकडे होतं. मी टेबलाशी बसून राहिलो. भीती वाटली का? वाटली. पण ती जाताना डाव्या पायावर किंचित झुकून वळली. आमची ही अशीच वळायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर, ते मूल राहिलं नाही, त्यानंतर तिची कंबर धरलेली होती.

बाईंना काही सांगितलं नाही. जेवताना त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

१९ मार्च

तिसरा सर्ग काल लिहिला. मूळ ओवी अशी :

ओलीं पाउलें अंगणीं । उन्हें न सुके तें पाणी ।
दारापाशी येवोनी । परतलीं ॥

सरांची स्मृती-बिस्मृती काढून टाकली आणि लिहिलं : ओली पावलं म्हणजे ओली पावलं.

लिहून स्वतःशीच हसलो होतो.

आज दुपारी अंगणात पावलं होती. फाटकापासून मागच्या दाराच्या पायरीपर्यंत, आणि तिथून परत. फरशी इतकी तापलेली, की मला चप्पल घालून जावं लागलं. पाणी वाळत नव्हतं. मी वाकून बघितलं. अंगठ्याशेजारचं बोट लांब. हिचंच पाऊल. किती वेळा पाहिलेलं, मला कळणार नाही?

मागून बाई आल्या. त्या खाली बसल्या आणि त्याच पावलावर त्यांनी आपला पंजा ठेवला. म्हणाल्या, की बघा, माझ्या तळहाताएवढंच आहे अजून. मी म्हटलं, की हे तर मोठ्या बाईचं पाऊल आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं आपण लहान मुलाची समजूत घालताना बघतो.

मग तिथंच पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी या कालव्यात गेली. शाळेत नुकतीच जायला लागली होती. सर तेव्हा कॉलेजात हेच काव्य शिकवत होते आणि घरी मोठ्यानं वाचायचे. नुसतं मूळ वाचायचे, कारण अर्थ अजून सुचत नव्हता. दोघंही दुपारी कालव्याकडे तोंड करून मुलीला हाका मारायचे. सोन्या, बाळा, राणी, जे तोंडात येईल ते. आणि ती यायला लागली. पैलतीर, ऐलतीर, अंगण. पायरीवर आली त्या दिवशी सर घाबरले. ते टेबलाशी बसले, पाठ खिडकीकडे केली आणि त्यांनी टीका लिहायला घेतली. एकेका गोष्टीचा अर्थ लागला, तशी ती एकेक पाऊल मागे गेली. पार पलीकडे. मग दिसेनाशी झाली. त्यानंतर जन्मभर त्यांनी टेबल फिरवलं नाही. शेवटच्या सर्गाचा अर्थ मात्र त्यांच्यानं लिहवला नाही. तेवढी एक फट त्यांनीच ठेवली, असं बाई म्हणाल्या.

उठताना एवढंच म्हणाल्या, की माझ्या पोरीचा अर्थ लावून टाकला हो त्यांनी.

२० मार्च

काही सुचत नाही. बाईंचं मन भ्रमलं असेल, माझंही. म्हणून आज खात्री करून घेतली. सरांचे तीनही गूढार्थ स्वच्छ अक्षरात परत लिहून काढले. स्मृती, विस्मरण, अज्ञान, सगळं.

दुपारी अंगण कोरडं. कालव्यावर कुणी नाही. एक बगळा तेवढा आला आणि गेला.

बाई स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. त्या दाराची कडी मुलगी पायरीवर आली होती तेव्हापासून काढलेली नाही, गंजून कोयंड्यात बसली आहे; अंगणात पुढून वळसा घालूनच जावं लागतं. संध्याकाळी माझा चहा आला. त्यात साखर नव्हती. रागानं नव्हे. विसरल्या.

बरोबर केलं मी. गुरुजी असते तर हेच म्हणाले असते. पण कोरडं अंगण बघवत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातून घरी आल्यावर हिची चप्पल दाराशी तशीच होती. तीही अशीच बघवली नव्हती.

२२ मार्च

काल रात्रभर नामस्मरण केलं. मन लागलं नाही. सकाळी उठून तिन्ही अर्थ मी पुन्हा खोडले. बाईंनी सांगितलं नव्हतं. मीच.

चौथा सर्गही लिहिला. ती पायरीवर आली.

दुपारी पायरी ओली. दारावर टकटक नाही, काही नाही. फक्त कुणीतरी उभं असल्यावर दाराखालच्या फटीतला उजेड जातो, तसा गेला. बाई दाराला गाल लावून बसल्या होत्या. हळू आवाजात काहीतरी गोष्ट सांगत होत्या, लहान मुलांना सांगतात तशी.

मी अभ्यासिकेत उभा राहून म्हटलं, अगं, आलो.

गेलो नाही.

२३ मार्च

सकाळी अंगणात गेलो. कालची पावलं अजून ओली. का कोण जाणे, चप्पल काढून मी माझा पाय त्यातल्या एकावर ठेवला.

बरोबर बसला. बोटाला बोट, टाचेला टाच.

बाईंना तळहाताएवढं. मला हिचं. आणि माझा पाय ठेवला तर माझंच. म्हणजे ते पाऊल—

पाय गार पडला आहे. दिवसभर पुसतोय, वाळत नाही.

२४ मार्च

लेकीचा फोन. सत्तावीसला आईला वर्ष होतं, त्या दिवशी तरी या, म्हणाली. आवाज भरलेला होता. आता मला तुम्हीच आहात बाबा, म्हणाली. मी येतो म्हटलं. सत्तावीसला संध्याकाळच्या गाडीनं. शपथेवर म्हटलं.

मग तिला हसवायला मीच तो बाजारातला किस्सा काढला. अगं म्हटलं, की सगळ्या बायका—

तिथंच थांबलो. ती हॅलो, हॅलो करत राहिली.

हाक घातली नामाविण. सर म्हणतात, जीवाला नाव नसतं म्हणून. तसं नाही. इथंही शब्दाचा अर्थ सरळच आहे. होडीवाल्यानं नाव न घेता हाक मारली. माझ्यासारखीच. अगं म्हणून. सरांनी आणि बाईंनीही, सोन्या, बाळा. ती कुणाचीच हाक नव्हती. ज्याला कुणी कधी बोलावलं नाही, असं काहीतरी त्या पाण्यात होतं. ते उठलं.

बाजारात निदान चेहरे दिसत होते.

२५ मार्च

बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. जेवायला वाढलं. मग विचारलं, की तुमची बायको नसेल कदाचित. पण ती नाहीच, असं खात्रीनं सांगाल का?

मला सांगता आलं नाही.

त्यांनी कडीला तेल सोडलंय. वास येतो.

अर्थ लिहून टाकावा. शेवटच्या ओवीचा एकदा लिहिला, की सगळंच मिटेल. पैलतीरीं आतां दोन, हेही मिटेल. सुचतही आहे. ही स्त्री म्हणजे शोक, शोकाचा पदर सारला तर आत आपणच. चांगला अर्थ आहे. प्रकाशकांना आवडेल.

पण एकदा लिहिला, की ती कधीच— आणि असलीच तर? ती असलीच तर?

२६ मार्च

आज आधीच आली. सकाळचं ऊन वर यायच्या आत. गेली नाही. अजून आहे.

डाव्या पायावर झुकून उभी. परवा त्या पावलावर पाय ठेवताना मी ज्या पायावर झुकलो होतो, त्याच.

उद्या नाव घेऊन बघायचं. एवढं साधं आधी का सुचलं नाही. असली तर वळेल. नसली तर लिहीन. दोन ओळी लिहायच्या आणि गाडी पकडायची.

देवा, वळू दे.

२७ मार्च

वर्ष झालं. पिशवी भरून पुढच्या दाराशी ठेवली आहे. लेकीला सकाळी सांगितलं, निघतोय.

बाई मागच्या दाराशी. नवं पातळ नेसल्या आहेत.

ऊन डोक्यावर. आली. पायरीवर—

अहो, म्हणाली. आवाज तिचा. कुणाचाही. बाईंना आई असं ऐकू आलं.

खिडकीशी गेलो. नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. मोठ्यानं, सगळं, माहेरचंसुद्धा.

मान हलली नाही. ही असती तर आधी हसली असती. इतक्या वर्षांनी सुचलं का, म्हणाली असती. मग वळली असती.

परत घेतलं. परत.

नाही. ती नाही.

आता सोपं आहे. कागद समोर. ही स्त्री म्हणजे—

लिहवत नाही. नाही हे कळलं तरी. वर्षभरात तिच्या जागेवर कुणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं—

बाई उठल्या. कडीला हात. ओरडलो, थांबा, ती तुमची नाही, माझीही नाही. बाई म्हणाल्या, की माहीत आहे मला.

कडी निघाली.

लेकीला कुणीतरी—

पावलं. स्वयंपाकघरात. बाईंचा आवाज नाही. आता बैठकीत. ओली. दोघींची.

इथं उंबऱ्याशी दोघी. उंच, ताठ एक— नवं पातळ, तोंडावरून—

लिहितो. लिहितोय. देवा, हात

अर्थ : पदर म्हणजे